पाटाकाठचे गवत आणि कॅल्मोड्युलिन

गिरणेच्या पाटाला आवर्तन सुटले की काठच्या ओल्या गवतात म्हशी चारण्याची आमच्या गावात जुनी सवय आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका म्हशीच्या जबड्याखाली पाण्याने भरलेली सूज लोंबू लागली. बोटाने दाबली की तिथे खड्डा पडे आणि बराच वेळ तसाच राही. महिनाभर आधी कृमींच्या अंड्यांसाठी तिचे शेण तपासले होते, तेव्हा काहीच आढळले नव्हते.

त्याचे कारण मला पुढे प्राणिशास्त्र शिकताना उमगले. लिम्निया गोगलगाईतून बाहेर पडलेली पर्णकृमीची (यकृतात राहणाऱ्या पानासारख्या चपट्या कृमीची) अळी गवतावर कोष करून बसते आणि जनावराच्या पोटात गेल्यावर आतडे भेदून यकृतात शिरते; तिथून पित्तनलिकेत पोहोचून अंडी घालू लागेपर्यंत साधारण तीन महिने जातात, आणि त्यातले कित्येक आठवडे ती यकृतच पोखरत असते. ऑक्सिक्लोझानाइड हे कृमीनाशक औषध मुख्यतः प्रौढ कृमींवर चालते. कोवळ्या कृमींनाही मारणाऱ्या ट्रायक्लाबेंडाझोल या दुसऱ्या औषधाला दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच नोंदले गेले आहेत.

म्हणून बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील २०१६ चे काम मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी अभ्यासलेला पर्णकृमी फॅसिओला हेपॅटिका, आपल्याकडे मुख्यतः आढळतो तो त्याचा भाऊबंद फॅसिओला जायगँटिका. पेशीतले कॅल्शियम वाढले की कॅल्मोड्युलिन हे छोटे प्रथिन ते पकडते, आपला आकार बदलते आणि स्नायूंच्या आकुंचनापासून जनुकांच्या कामापर्यंत अनेक गोष्टींना चालना देते. संशोधकांनी दुपदरी आरएनए (ठरावीक जनुकाचे काम दाबणारा रेणू) वापरून कोवळ्या कृमींमध्ये या प्रथिनाची निर्मितीच दाबली, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि हालचाल मात्र नेहमीपेक्षा वाढली. यकृत पोखरतच ज्याला मोठे व्हायचे असते, त्याला वाढ खुंटण्याहून मोठी अडचण कोणती?

पण हेच प्रथिन म्हशीतही आहे, माझ्यातही आहे, आणि पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांत त्याची घडण सारखीच असते. त्यामुळे ते सरसकट बंद पाडणारे औषध जनावरालाही बाधेल. कृमीत मात्र त्याचे तीन प्रकार सापडले असून त्यांतले दोन आपल्या प्रथिनापेक्षा बरेच वेगळे आहेत. औषधासाठी नेम धरायचा तर तिथेच. तोवर पाटाकाठचे गवत आम्ही कापून, कडक उन्हात वाळवून मगच गव्हाणीत टाकतो.