कड्याविना शनी

शनी दाखवणार म्हटलं की आमच्या गल्लीतली माणसं कडं बघायला येतात. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटच्या बुधवारी आली, ती कडं न बघताच परत गेली. थोडी हिरमुसलीसुद्धा. पण माझं मत विचाराल तर त्यांना आजवर दाखवलेल्या शनींमध्ये हाच सगळ्यात भारी.

दुर्बीण माझी सहा इंची, डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. आरसा पुण्यातल्या एका कार्यशाळेत स्वतः घासलेला. दोन काचा एकमेकींवर, मध्ये कार्बोरंडमची पूड नि पाणी. घासता घासता वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. हात भरून येतात, पण नंतर दुसऱ्या कुणाच्या आरशाचं कौतुक वाटत नाही.

परसात ती मी साडेसहालाच नेऊन ठेवते. घरातला आरसा बाहेरच्या गारव्याला येईपर्यंत नळीतली हवा हलत राहते आणि ग्रह पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. आमच्या कऱ्हाडकडे या दिवसांत गुऱ्हाळं पेटलेली असतात. लोक म्हणतात, धुरात काय दिसणार? तेजोमेघ नाही दिसत. ग्रहांना मात्र धुरकट, वारा पडलेली रात्रच मानवते. चंद्राचाही त्रास नाही, रस्त्यावरच्या दिव्याचाही नाही. शिवाय आपल्या अक्षांशावर शनी आठच्या सुमारास दक्षिणेला चांगला उंच होता. लंडनमधल्या निरीक्षकाला तो याच्या निम्म्या उंचीवर बघावा लागतो.

१२० पट मोठा केल्यावर शनीचं बिंब नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राहून जरा मोठंच भरतं. हे कुणालाही पटत नाही. "एवढुस्सा?" हीच पहिली प्रतिक्रिया. समोरच्या घरातला सहावीतला मुलगा तर थेट म्हणाला, "बाई, हा शनी नाहीये. कडं कुठाय?"

कडं होतं. दोन्ही बाजूंना सुईने ओढल्यासारखी रेघ, आणि तिच्याच रेषेत बाजूला टायटनचा, म्हणजे शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचा, ठिपका. कड्यांचा व्यास जवळपास २ लाख ८० हजार किलोमीटर, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी काही मीटरच. तेव्हा ती काठाकडून समोर आली की दिसायचं काय? शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत असं दोनदा होतं. या वेळी नेमका क्षण २३ मार्चला होता, पण तेव्हा शनी सूर्याच्या उजेडात बुडालेला. नोव्हेंबरात कडं पुन्हा मिटत आलं, तेही ऐन संध्याकाळच्या आकाशात. असली सोय रोज होत नाही.

मुलाला गॅलिलिओचं सांगितलं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले, १६१२ मध्ये पाहतो तर गायब. ते कडं आहे हे कोडं उलगडून छापायला डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सला १६५९ उजाडलं. "म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं," एवढं म्हणून मुलगा पुन्हा रांगेत उभा राहिला.

शेजारच्या काकूंची रास मेष, साडेसाती नुकतीच लागलेली. त्या डोळा लावायलाच तयार नव्हत्या. "त्याची नजर आहे माझ्यावर तेवढी पुरे." शेवटी सगळे पांगल्यावर आल्या, आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "मधोमध काळी रेघ कसली गं?"

ती कड्याची सावली. संध्याकाळभरात दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. सगळे बिंबाच्या बाहेर कडं शोधत होते.

गुरू साडेनऊच्या सुमाराला उगवला, पण पूर्वेला शेजारच्या गोठ्याचे पत्रे, दिवसभराचं ऊन धरून बसलेले. त्यांच्यावरून बघायचं म्हणजे पट्टे मधूनच उमटणार, मधूनच विरणार. तो वर येईपर्यंत थांबले असते, पण सकाळची शाळा. जानेवारीत गुरू साडेआठलाच पत्र्यांच्या बराच वर असेल. तेव्हा बोलावते सगळ्यांना. कड्यासाठी मात्र २०३२ च्या आसपास या, तेव्हा ते पूर्ण उघडलेलं असेल.