आमची वाटचाल : पळस, साळुंखी आणि एक चुकलेला टाका

इचलकरंजीत कापडाला तोटा नाही, तरी 2011 ला मी गोधड्यांचा धंदा करणार म्हटल्यावर घरात सगळे हसले. वाकळ तर घरोघरी आजी शिवते, जुनी लुगडी आणि धावदोरा, ती विकत कोण घेणार? मी म्हटलं ठिगळं लावायचीच नाहीत, एकरंगी कापड घ्यायचं आणि मशीनवर दोऱ्यानंच चित्र भरायचं. माझ्या बाजूने फक्त मोठ्या जाऊबाई उभ्या राहिल्या, कारण मशीन त्यांची होती, माहेरची काळी उषा.

त्या मशीनचे कापड पुढे ढकलणारे दाते खाली जात नव्हते. दुरुस्तीवाल्या मामांनी दात्यांवर पत्र्याची पट्टी बसवून दिली आणि स्प्रिंगचा रफूचा पाय लावला, मग कापड आपल्या हाताने फिरायला लागलं. म्हणजे पायाखाली मोटर एका वेगाने पळणार, हात दुसऱ्या वेगाने, आणि टाका केवढा पडणार ते दोघांच्या जमण्यावर. हात रेंगाळला की टाके एकावर एक बसून गुठळी, हात पळाला की लांब टाका, तो पहिल्या धुण्यातच कशाततरी अडकणार. आम्ही दोघींनी पहिले तीन महिने नुसत्या सुया मोडल्या.

आमचं पहिलं खपलेलं डिझाईन म्हणजे पळसाच्या फांदीवर साळुंखी. पळसाला चार शेड, विटकरी आधी, मग लाल, मग केशरी, शेवटी कडेला जरा पिवळा. गडद खाली आणि फिका वर, उलटं केलंत तर फूल चपटं दिसतं. लांबून बघणाऱ्याला लाल-पिवळे टाके मिसळून केशरी दिसतात, तेवढं दाट भरायचं. पण दाट भरलं की कापड आत ओढलं जातं, म्हणून 60 बाय 90 ची गोधडी हवी तर चारही बाजूंनी 2 इंच जास्त कापायचं आणि मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. बॉबिनमध्ये वरच्याच रंगाचा दोरा भरा, पांढरा भरलात तर वर ठिपके दिसतात. आणि सुई रोज बदला हो, दहा रुपयांच्या सुईसाठी हजाराची गोधडी का घालवता.

2014 ला पुण्याच्या एका दुकानाची 24 नगांची ऑर्डर आली. पाटल्या गहाण ठेवून माल भरला. लाल दोरा नेहमीच्या ठिकाणी मिळाला नाही, दुसऱ्याकडून घेतला, तो म्हणाला रंग पक्का आहे ताई, बिनधास्त वापरा. मी ओला पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवून बघायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम, पण दिवाळी तोंडावर होती. 19 गोधड्या परत आल्या, क्रीम कापडावर सगळीकडे गुलाबी ओघळ. सुकायच्या आत भरपूर गरम पाण्यात साबण घालून भिजवल्या असत्या तर थोडं निघालं असतं, पण त्या वाळून, घडी घालून आल्या होत्या. मीठ, व्हिनेगर सगळं केलं. काही होत नाही त्याने, उगाच सांगतात लोक.

कोल्हापूरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, नातवंड झालं की आमच्याकडूनच गोधडी घेतात. त्यांची पण त्याच लॉटमधली निघाली. मी पैसे परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, पळसामागं संध्याकाळ झालीय असं समजते." पुढच्या नातवाचा ॲडव्हान्स पण हातात ठेवला. पाटल्या सुटायला अडीच वर्षं गेली.

त्या पुण्याच्या दुकानाने 19 परत केल्या, त्याचं मला काही नाही, चूक माझी होती. पण त्यांनी आधी नेलेलं सॅम्पल कधी परत दिलं नाही. सहा महिन्यांनी जाऊबाईंना एका प्रदर्शनात आमची साळुंखी दिसली, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवर काढलेली, आमच्या निम्म्या भावात. ते लोक म्हणाले आमचं स्वतःचं डिझाईन आहे. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं चोचीवर बोट ठेवलं. आमच्या सॅम्पलला पिवळ्या चोचीत एक तपकिरी टाका आडवा गेलाय, तिथे सुई मोडली होती आणि उसवायचा राहिला होता. पंचिंगवाल्याने, म्हणजे डिझाईन कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्याने, तो पण इमानदारीत उचलला होता. सगळ्या साळुंख्यांच्या चोचीत तो टाका, ओळीने.

मधली वर्षं चांगली गेली. आता पाच मशिनी आहेत, दाते खाली जाणाऱ्या, सहा बायका कामाला.

मागच्या दिवाळीत आमची साळुंखी उचलणाऱ्या त्या लोकांची एक गोधडी मी दुसऱ्याला पाठवून विकत आणली. पाठीमागून बघितली, टाके सगळे एका दिशेने, फांदीला गोलाई नाही, पंखाला उतार नाही, पाकळी आणि पान एकाच चालीने भरलेलं. मनाला बरं वाटलं. मग बादलीत गरम पाणी काढून रात्रभर भिजवून ठेवली. सकाळी जाऊबाईंनी झाकण काढलं आणि मला हाक मारली. पाणी स्वच्छ होतं.