समोर कधीच बिल्डिंग येणार नाही सर

शुक्रवारची पंचवटी पकडून नाशिकला गेलो ते खरं तर मिसळ खायला आणि झोपा काढायला. पण मावसभावाने, म्हणजे दादाने, स्टेशनवरून घरी नेता नेताच सांगून टाकलं की उद्या सकाळी लवकर उठ, गंगापूर रोडला फ्लॅट बघायचाय, रिव्हर व्ह्यू आहे. वहिनी नुसती हसली. हा त्यांचा सहावा फ्लॅट.

आता सॅम्पल फ्लॅटबद्दल काय लिहू, सगळीकडे सारखाच असतो. बेड जरा आखूड, आरसे जरा जास्त, डायनिंग टेबलवर प्लास्टिकची लिंबं. पण बाल्कनीत गेलो आणि खरंच गप्प झालो. खाली गोदावरी, हिवाळ्याची म्हणून मंद, एका बाजूला पाणवेलींचा हिरवा थर, आणि काठाने झाडांचा लांबच लांब पट्टा. सेल्सवाला पोरगा हुशार होता, थोडं थांबून मग बोलला, सर खालचं ग्रीन तुमचंच समजा, आणि गॅरंटी देतो, समोर कधीच बिल्डिंग येणार नाही.

खोटं नव्हतं ते. फक्त का येणार नाही हे त्याने सांगितलं नाही.

नाशिककरांना माहितीये, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नदीला दोन रेघा आखलेल्या असतात. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदावाला. निळीच्या आत बांधकाम करता येत नाही, बाग, मैदान असलं मोकळं चालतं. म्हणजे तो जो व्ह्यू विकत होता ना, तो नदीच्या पुरामुळे शिल्लक राहिलाय, आणि आपण त्याला फ्लोअर राइज देतोय, जितका मजला वर तितके जास्त.

वहिनी म्हणाली, मग खाली जाऊन बघू ना, वरून काय बघायचं. बिल्डिंगचं मागचं गेट नदीकाठच्या गोदापार्काकडेच उघडतं पण त्याला कुलूप, वॉचमन म्हणे चावी ऑफिसात आहे, ऑफिस म्हणे साहेबांकडे. मग आम्ही गाडी काढून पूर्ण वळसा घालून आसाराम बापू पुलापाशी आलो आणि तिथून गोदापार्कात उतरलो.

गोदापार्क म्हटलं की राज ठाकरेंचा ड्रीम प्रोजेक्ट हेच डोक्यात येतं, महापालिकेत मनसे होती तेव्हा पेपरात रोज काहीतरी असायचं. मग ऑगस्ट 2016 चा पूर आला आणि पार्काची पार वाट लावून गेला. त्या दिवशी दादा सराफ बाजारात अडकलेला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हेच सगळे एकमेकांना फोन करून विचारत होते. गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडले हा आकडा टीव्हीवर सांगतात, पण नाशिकला तो आकडा मारुतीच्या कमरेला, छातीला, गळ्याला लावल्याशिवाय कळतच नाही.

पार्क आज कसा आहे? धड नाही. फरशा उखडल्यात, निम्मे दिवे गेलेत, एका बाकाच्या सांध्यात अजून वाळलेला गाळ, नखाने खरवडला तर भुकटी पडते. पण गंमत बघा, जिथे नुसती माती आणि झाडं आहेत तो भाग पावसाळा संपला की आपोआप हिरवा होतो, आणि जिथे फरशी तिथे टेंडर निघायची वाट बघत बसतात सगळे. आता सिंहस्थ आलाय तर परत सिमेंट ओततील अशी मला मनापासून भीती आहे. नका ओतू राव.

तरी माणसं किती होती! कानटोप्या घातलेले आजोबा, स्वतःचीच रील काढणारं कपल, एका बाकावर डिलिव्हरीवाला उशाला बॅग घेऊन गाढ झोपलेला, बूट काढून नीट जोडीने खाली ठेवलेले. आणि एक बाई, शेजारच्याच साइटवर काम करणारी असावी, कपड्यांना सिमेंटचा रंग, कडुलिंबाच्या फांदीला साडीची झोळी बांधून पोराला झोके देत बसली होती. सुट्टी होती का जेवणाची वेळ माहीत नाही. ती बांधतेय त्या टॉवरच्या बाल्कनीतून जी नदी दिसते तीच, आणि तिला ती फुकट आणि जवळून. मावशी अजून नदीला गंगाच म्हणते, गंगेवर जाऊन येते म्हणते, तिला हे रिव्हर व्ह्यू वगैरे ऐकून हसूच येतं.

पुढे आनंदवल्लीला नवश्या गणपतीलाही गेलो. या गावाचं जुनं नाव चावंडस, राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून आनंदवल्ली झालं. म्हणजे नदीकाठी चांगली जागा बघून राहायची हौस आजची नाही.

पण मला सांगायचंय ते बाभळीचं. परत येताना दादा एका बाभळीखाली थांबला आणि वर बघायला लागला. वरच्या फांद्यांत चिंध्या अडकलेल्या, प्लास्टिकच्या पिशव्या, एक निळी दोरी, एका चपलेचा पट्टा. पहिल्यांदा वाटलं कोणीतरी टाकलंय, पण इतक्या वर कोण टाकेल? दादाने हात उंच केला, पोचला नाही. मग टाचा वर करून केला, तरी नाही. मग तो मागे वळला, टॉवरकडे बघत राहिला, आणि खिशातून फोन काढून त्या सेल्सवाल्या पोराला लावला.

"अरे एक विचारायचं राहिलं, पार्किंग कुठेय आपलं?"

पलीकडून उत्साहाने आवाज आला, "सर बेसमेंटमध्ये, दोन लेव्हल!"

दादा म्हणाला, बरं बरं, ठेवतो. मग आम्ही मिसळ खायला गेलो.