रकान्यात निरंक, गावात चार

चैत्र संपत आला की आमच्या तालुक्यातल्या अंगणवाड्या पुन्हा भरतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या असतात आणि दिवाळीपासून कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीत, वाढलेली लेकरं एकदम हजेरीपटावर दिसायला लागतात. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, जन्मतः असलेलं व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीच्या टप्प्यांतला विलंब यांपैकी काय आढळतं ते नोंदवायचं आणि पुढच्या उपचाराला पाठवायचं, हे आमचं काम.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं ते गाव. अंगणवाडीत चाळीसेक मुलांची नोंद. तपासणीचं जुनं रजिस्टर उघडलं तर किडलेले दात, खरूज, रक्त कमी, एक हृदयाच्या झडपेचा संशयित, असं सगळं होतं. विकासात्मक विलंबाच्या रकान्यात मात्र प्रत्येक खेपेला ‘निरंक’.

हे मला कधीच पटलेलं नाही. आपल्याच देशात पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची जवळपास चार हजार मुलं घरोघर जाऊन तपासली गेली. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ऐकणं, बघणं, चालणं, बोलणं, समज, फिट्स, स्वमग्नता अशा मेंदूच्या वाढीशी जोडलेल्या तक्रारी दोन ते सहा वर्षांच्या मुलांत सरासरी शंभरात नऊ निघाल्या, त्याहून मोठ्यांत साडेतेरा. म्हणजे चाळीस मुलांच्या गावात तीन-चार तरी हवीत. ती नसतील तर गाव भाग्यवान आहे असं म्हणण्याआधी ती कुठे आहेत हे विचारायला हवं.

मी सेविकाताईंना म्हटलं, “आज वजनकाटा राहू द्या जरा. अंगणवाडीत जे लेकरू येतच नाही, ते आधी दाखवा.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग बोटं मोजायला लागल्या. जे मूल बसत नाही, बोलत नाही, त्याला आई अंगणवाडीत पाठवत नाही. बाकीची पोरं चिडवतात, आणि शी-शू कोण बघणार? आम्ही गाडी लावून अंगणवाडीत बसणार, समोर येतील ती मुलं तपासणार, आणि ज्यांच्यासाठी आलो ती मुलं चार घरं पलीकडे खाटेवर. परिचारिका मॅडमना अंगणवाडीत थांबवलं आणि ताईंबरोबर निघाले.

पहिल्या घरी सव्वा वर्षाचा मुलगा. आईच्या मांडीवर आडवा. आई कौतुकानं म्हणाली, “मॅडम, लई ताकदीचं लेकरू आहे. पाय धरला तर सोडवत नाही.” मी त्याला काखेत धरून उभं उचललं. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले आणि टाचा वर राहिल्या. हाताच्या मुठी आवळलेल्या, अंगठा मुठीच्या आत. या वयाचं मूल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चुरमुरा उचलतं. याची मूठ उघडायला मला हलक्या हातानं मनगट चोळावं लागलं. आई ज्याला ताकद समजत होती तो स्नायूंचा ताठरपणा होता.

बाळंतपण कुठं झालं, विचारलं. “कारखान्यावर, कोपीत. थळात गाडी भरताना कळा सुरू झाल्या.” रडलं का लगेच? “नाही. सासूनं पालथं धरून थापट्या मारल्या, तवा रडलं.” जन्मल्यावर लगेच रडलं नाही, म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडला असणार. एवढ्या दोन वाक्यांत मला जे हवं होतं ते सगळं होतं. आजवर तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण तपासणीच्या वेळी ती दुसऱ्या जिल्ह्यात असायची आणि तिथल्या यादीत तिच्या मुलाचं नाव नसायचं.

दुसऱ्या घरी अडीच वर्षांची मुलगी. चेहरा तरतरीत, माझी पिशवी उघडून स्टेथोस्कोप काढला, आजीच्या छातीला लावला. बोलत मात्र काहीच नाही. आजीचं उत्तर तयार होतं, “जीभ जड आहे तिची. तिचा बापबी चार वर्षांचा झाल्यावर बोलला.” हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकते आणि त्याची मला धास्ती वाटते, कारण त्यात कितीतरी मुलांची वर्षं जातात.

“ऐकू येतं का?”

“येतं की! गाडी आली का पळत जाती दारात.”

मुलीला आजीच्या मांडीवर बसवलं. ताई तिच्यासमोर न बोलता बाहुली हलवत राहिल्या. मी मागून, एका बाजूनं, तिला माझी सावली दिसणार नाही, वारा लागणार नाही अशा बेतानं खुळखुळा वाजवला. काही नाही. दुसऱ्या कानाशी वाजवला. काही नाही. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला, तेव्हा आजीनंच मागे वळून पाहिलं. मुलगी बाहुलीकडे बघत होती. मग मी वाटी जमिनीवर आपटली आणि ती दचकली. हादरा तिला कळला होता, आवाज नाही. गाडीसुद्धा ती बघून पळायची.

आजी रडल्या नाहीत. त्यांनी स्वतः खुळखुळा मागून घेतला, नातीच्या मागे जाऊन पुन्हा पुन्हा वाजवला आणि मग विचारलं, “आता काय करायचं ते सांगा.”

तिसरं मूल सोळा महिन्यांचं, अजून चालत नव्हतं. ताईंनी काळजीनं दाखवलं होतं. ते धरून उभं राहत होतं, भिंतीच्या कडेनं सरकत होतं, नाव घेतलं की बघत होतं. एकटं चालायला साडेसतरा महिन्यांपर्यंत लागू शकतात, मी तसं सांगितलं. घरातले मोकळे झाले. हे सांगणंही आमचंच काम आहे. नाहीतर मालिश, अंगारे आणि टॉनिकच्या बाटल्या सुरू होतात.

संध्याकाळपर्यंत त्या रकान्यात चार नावं होती. आणखी दोन मुलं वस्तीवर सापडली: एक नावाला वळून न बघणारा, झाकण गरगर फिरवत बसणारा तीन वर्षांचा, दुसरी दोन वर्षांची, पांढरीफटक, अंगानं इतकी मऊ की बसवली की कलंडायची. तिच्या थायरॉइडची तपासणी मी सगळ्यात आधी लिहिली, कारण तिथं औषधाची एक गोळी फार काही वाचवू शकते आणि उशीर झाला तर तीच गोळी तेवढं परत आणू शकत नाही.

चिठ्ठी देणं सोपं असतं. जिल्ह्याला जायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते, एसटी दोनदा बदलावी लागते, आणि मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे बघणाऱ्या बेरा तपासणीची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते. त्या मुलीला आम्ही आमच्याच गाडीतून नेलं. दोन्ही कानांना जबर दोष निघाला. जन्मतः बहिऱ्या मुलाचं निदान खरं तर तिसऱ्या महिन्याच्या आत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हायला हवेत. श्रावणात तिला दोन्ही कानांची मशीन मिळाली. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्रासाठी, कागदपत्रं पाठवली आहेत आणि तिचं पाचवं वर्ष उलटायच्या आत ते व्हावं म्हणून मी पाठपुरावा करते आहे. मशीन घातलं तरी रोज तास-दोन तास समोर बसून बोलायला माणूस लागतं. उसाच्या फडात ते कोण करणार? आजीनं यंदा टोळीबरोबर जायचं नाही असं ठरवलं, म्हणजे घरातला एक कोयता कमी.

पहिल्या घरच्या मुलाचं तसं जमलेलं नाही. त्याच्या आईबापानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली आहे, त्यांना जावंच लागणार. त्याला कडेवर घेताना पाय फाकवून कमरेला कसे लावायचे, मूठ कशी उघडायची, भरवताना मान कशी धरायची, हे आईला शिकवून झालं आहे. ती चुकत नाही, मी दोनदा करवून घेतलं. यंदा आम्ही या पट्ट्यातल्या अंगणवाड्यांची दुसरी फेरी टोळ्या उठायच्या आधी लावून घेतली. मुकादमाचा नंबर घेतला आहे. टोळी कोणत्या कारखान्यावर उतरते ते कळलं की तिथल्या तालुक्याच्या पथकाला या मुलाचं कार्ड पाठवायचं आहे.