वरातीमागून घोडं: कॅरोलायना पँथर्सचा २०२३ चा ड्राफ्ट

९ नोव्हेंबर २०२३. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये, शिकागोच्या सोल्जर फील्डवर, शिकागो बेअर्सनी कॅरोलायना पँथर्सना १६-१३ असं हरवलं. पँथर्सचा एकमेव टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेणं) आला तो पंट (समोरच्यांनी लाथेनं लांब मारलेला चेंडू) परतवून, म्हणजे आक्रमणाच्या अकरा जणांना त्या रात्री एकदाही रेषा ओलांडता आली नाही. पण स्कोअरपेक्षा जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. पँथर्सची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवड, म्हणजे नवा खेळाडू घेण्याची पाळी, शिकागोच्या नावावर आधीच लिहून दिलेली होती. त्यामुळे शिकागोनं सामनाही जिंकला आणि त्याच विजयानं स्वतःच्या हातातली ती निवड आणखी वर सरकवली. हरणाऱ्याला निदान पुढच्या वर्षी चांगला खेळाडू मिळतो, हा ड्राफ्टचा दिलासा. कॅरोलायनाच्या चाहत्यांकडे तोही शिल्लक नव्हता.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी निवडतो. नव्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेलाच असतो. पैसे जास्त देऊन कुणाला खेचता येत नाही, म्हणून इथलं खरं चलन म्हणजे निवडी. या वर्षीच्या, पुढच्या वर्षीच्या, त्याच्याही पुढच्या. त्या विकता येतात, गहाण टाकल्यासारख्या देता येतात. कॅरोलायनानं नेमकं तेच केलं.

१० मार्च २०२३ चा तो सौदा असा. पँथर्सना मिळाली पहिल्या क्रमांकाची निवड. तिच्यावर त्यांनी ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) घेतला. बेअर्सना मिळाली २०२३ ची नववी आणि एकसष्टावी निवड, २०२४ ची पहिल्या फेरीची, २०२५ ची दुसऱ्या फेरीची, आणि वर डी. जे. मूर, म्हणजे पँथर्सचा सगळ्यात चांगला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा).

अशा सौद्यांसाठी कोच जिमी जॉन्सन यांनी डॅलसमध्ये असताना रूढ केलेला गुणांचा तक्ता आजही हाताशी धरला जातो. त्यात पहिल्या निवडीचे ३००० गुण, नवव्याचे १३५०, एकसष्टाव्याचे २९२. बेरीज १६४२, म्हणजे १३५८ गुणांचा खड्डा. तो पुढच्या दोन वर्षांच्या निवडी आणि मूर यांनी भरला. कागदावर हे फार महाग दिसत नाही, कारण पुढच्या वर्षीची निवड एक फेरी खालच्या भावानं मोजायची असा प्रघात आहे. पहिल्या फेरीची निवड दुसऱ्या फेरीच्या भावात धरली जाते.

गोम इथेच आहे. हा प्रघात धरून चालतो की देणारा संघ पुढच्या वर्षी मधेच कुठेतरी असेल. पण जो संघ नवखा क्वार्टरबॅक उभा करणार, त्यासाठी स्वतःचा उत्तम रिसीव्हर विकणार आणि नवा कोच आणणार, तो मधे कशाला राहील? तो तळाला जाण्याची शक्यताच जास्त. पँथर्स २-१५ वर (दोन विजय, पंधरा पराभव) संपले आणि ती निवड झाली २०२४ ची पहिली. त्याच तक्त्यावर आता हिशोब मांडा: १३५० अधिक २९२ अधिक ३०००, आणि २०२५ ची जी निवड एकोणचाळिसावी ठरली तिचे ५१०. एकूण ५१५२ गुण आणि मूर वेगळा, ३००० गुणांच्या एका निवडीसाठी. त्या पहिल्या निवडीवर शिकागोनं केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. म्हणजे एका पहिल्या क्रमांकासाठी पँथर्सनी दुसरा पहिला क्रमांक दिला आणि बाकी सगळं वर घातलं.

भविष्यातली निवड द्यायचीच नाही, असं कुणी म्हणत नाही. २०२३ च्याच ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन टेक्सन्सनी दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसऱ्या क्रमांकावर विल अँडरसन हा बचावपटूही घेतला. त्यासाठी त्यांनीही २०२४ ची स्वतःची पहिल्या फेरीची निवड दिली. फरक हा की त्यांच्याकडे क्लीव्हलँडकडून आलेली पहिल्या फेरीची आणखी एक निवड होती. एक गेली तरी दुसरी घरात होती. शिवाय संघ १०-७ खेळला, त्यामुळे दिलेली निवड सत्ताविसावी ठरली. स्ट्राउडच्या पुढे लॅरेमी टन्सिलसारखा मुरलेला लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी कड राखणारा) होता आणि चेंडू झेलायला निको कॉलिन्स. स्ट्राउडचे ४१०८ यार्ड, २३ टचडाउन, फक्त ५ इंटरसेप्शन (समोरच्यांनी मधेच पकडलेल्या फेकी). ब्राइस यंगचे ११ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन. या आकड्यांवरून 'चुकीचा पोरगा निवडला' असं म्हणून अनेक जण मोकळे होतात. मला हे निदान अपुरं वाटतं. २९ ऑक्टोबरला समोरासमोर खेळले तेव्हा पँथर्स १५-१३ नं जिंकले होते, तो यंगचा पहिला विजय. स्ट्राउड पँथर्सच्या शार्लटला आला असता तर त्याला त्या लाइनमागे (क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहणारी पाच जणांची संरक्षक फळी) काय करता आलं असतं, हे विचारल्याशिवाय निवडीचा निकाल लागत नाही.

कारण ती लाइन. यंगला त्या मोसमात ६२ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं. त्याची उंची पाच फूट दहा इंच आणि समोरचे लाइनमन साधारण सहा फूट चारच्या आसपास. असा क्वार्टरबॅक डोक्यांवरून बघत नाही, माणसांमधल्या फटींतून बघतो. चेंडू हातात आल्यावर तो तीन किंवा पाच पावलं मागे जातो आणि तिथून थोडा पुढे येऊन फेकतो. ते पुढे येणं शक्य व्हायचं तर लाइनच्या मधोमधचा सेंटर आणि त्याच्या शेजारचे दोन्ही गार्ड जागेवर तग धरून उभे राहायला हवेत. कडेचा टॅकल हरला तर बचावपटू बाहेरून वळसा घालून येतो. तेव्हा एक पाऊल पुढे सरकलं की सुटका होते. पण गार्ड मागे ढकलला गेला की पुढची जागाच संपते आणि फटही बुजते. मग यंग मागे मागे जायचा, मागचा पाय न रोवता फेकायचा आणि चेंडू लांबीला कमी पडायचा. सामने पुन्हा पाहिले तर हे डाव्या-उजव्या दोन्ही गार्डांच्या जागी दिसतं. ब्रॅडी क्रिस्टेन्सेन पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. ऑस्टिन कॉर्बेट जानेवारीत गुडघ्याला झालेल्या दुखापतीतून सावरत उशिरा आला आणि पुन्हा गेला. त्या जागांवर आठवड्याआड माणसं बदलत राहिली.

कॉर्बेटची दुखापत ड्राफ्टच्या आधीची होती, हे लक्षात घ्या. म्हणजे गार्ड लागणार हे एप्रिलमध्ये उघड होतं. तरी एकोणचाळिसाव्या निवडीवर जोनाथन मिंगो हा रिसीव्हर घेतला, कारण मूर विकून ती जागा आपणच रिकामी केली होती. ओसायरस टॉरेन्स हा गार्ड बफेलोनं वीस निवडींनंतर, एकोणसाठाव्या क्रमांकावर घेतला आणि तो पहिल्याच वर्षी सगळे १७ सामने सुरुवातीपासून खेळला. रिसीव्हरच हवा होता तर जेडन रीड पन्नासाव्या क्रमांकापर्यंत उपलब्ध होता. ग्रीन बेकडून त्यानं चेंडू झेलून ८ टचडाउन केले. मिंगोचे ४१८ यार्ड आणि टचडाउन शून्य. पँथर्सनी गार्ड घेतला तो चौथ्या फेरीत. चौथ्या फेरीतल्या गार्डकडून पहिल्या वर्षी क्वार्टरबॅकच्या जिवाची जबाबदारी सांभाळून घेणं ही अपेक्षाच चूक.

आणि मूर? शिकागोत त्याच मोसमात ९६ झेल, १३६४ यार्ड, ८ टचडाउन. ऐन सव्विशीतला, पुढची काही वर्षं करारबद्ध असलेला माणूस. त्याच्या जागी ॲडम थीलेन आणला. त्यानं १०३ झेल घेतले, मनापासून खेळला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तेहेतिशीतला रिसीव्हर बचावाला पाठीमागे पळवत नाही. लांब फेकीची धास्ती नसली की समोरचे सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) पुढे येऊन उभे राहतात, छोट्या फेकींच्या वाटा बंद होतात आणि क्वार्टरबॅकला चेंडू जास्त वेळ धरावा लागतो. मग सॅक वाढतात. रिसीव्हर विकणं आणि सॅक होणं या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

हे सगळं एका वर्षात झालेलं नाही. डेव्हिड टेपर यांनी २०१८ मध्ये संघ घेतला. तेव्हापासून क्वार्टरबॅकचा प्रश्न दरवर्षी घाईनं सोडवला गेला. २०२० मध्ये टेडी ब्रिजवॉटरला तीन वर्षांचा करार आणि एका मोसमानंतर निरोप. २०२१ मध्ये सॅम डार्नोल्डसाठी सहाव्या फेरीची निवड, शिवाय २०२२ ची दुसऱ्या आणि चौथ्या फेरीची. वर तो एकही सामना खेळण्याआधी पाचव्या वर्षाचे सुमारे १.८९ कोटी डॉलर पक्के केले. या आणि इतर सौद्यांमुळे २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या निवडीनंतर थेट १३७ पर्यंत पँथर्सकडे काहीच उरलं नव्हतं. मॅट कॉरल या क्वार्टरबॅकसाठी २०२३ ची तिसऱ्या फेरीची निवड देऊन चौऱ्याण्णववर उडी मारली, आणि तो संघाकडून नियमित मोसमातला एकही सामना न खेळता गेला. मग बेकर मेफिल्ड आला आणि डिसेंबरपर्यंत सुटला. पुढे मेफिल्डनं टँपा बेला डिव्हिजन (चार संघांचा गट) जिंकून दिली, तीसुद्धा पँथर्सच्याच डिव्हिजनमध्ये. २०२४ मध्ये डार्नोल्डनं मिनेसोटाला १४ विजय मिळवून दिले. दोघंही इथे निरुपयोगी ठरले आणि बाहेर यशस्वी झाले. असं दोनदा झालं की तपासायची गोष्ट खेळाडूंच्या भोवतालची व्यवस्था असते.

कोचचंही तसंच. मॅट रूल यांना जानेवारी २०२० मध्ये सात वर्षांचा करार दिला, तिसऱ्या मोसमात पाच सामन्यांनंतर काढलं. हंगामी कोच स्टीव्ह विल्क्स यांनी सुकाणू हातात घेऊन ६-६ केलं, लॉकर रूम सावरली, तरी त्यांना डावलून फ्रँक राइक आले. राइक यांनी प्लेकॉलिंग (कुठला डाव खेळायचा ते सांगणं) मोसमाच्या मधे थॉमस ब्राउन यांच्याकडे दिलं, तीन सामन्यांनी परत घेतलं आणि १-१० वर असताना तेही गेले. नवख्या क्वार्टरबॅकसाठी याहून वाईट काही नाही. कानात हेल्मेटमधून येणारा आवाज बदलला की डाव सांगण्याची लय बदलते, कुठला डाव कधी येणार याचा अंदाज चुकतो. शेवटचे दोन सामने ०-२६ आणि ०-९. पूर्ण मोसमात २३६ गुण.

ब्रायन बर्न्सचा विषय राहिला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रॅम्स संघ या एज रशरसाठी (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्यायला तयार असल्याच्या बातम्या होत्या, पँथर्सनी नकार दिला. ठीक आहे, ठेवायचा होता तर करार करायचा. तोही केला नाही. मार्च २०२४ मध्ये तो जायंट्सना दिला आणि मुख्य मोबदला मिळाला दुसऱ्या फेरीची एक निवड. भाव चढा असताना विकलं नाही आणि जपूनही ठेवलं नाही.

डॅन मॉर्गन जनरल मॅनेजर आणि डेव्ह कनालेस कोच झाल्यावर २०२४ मध्ये पहिलं काम झालं ते गार्डचं. रॉबर्ट हंटला पाच वर्षांसाठी दहा कोटी डॉलर, डेमियन लुईसला चार वर्षांसाठी ५.३ कोटी. रक्कम मोठी आहे, पण जागा बरोबर आहे. यंगला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं, तिथेही घाई झाली असं माझं मत आहे. पण परत आल्यावर तोच यंग पुढे पाऊल टाकून फेकताना दिसायला लागला. शेवटच्या सामन्यात अटलांटाला ४४-३८ असं हरवताना त्यानं तीन टचडाउन फेकले आणि दोन स्वतः पळून केले. तो १४ सामनेच खेळला, तरी त्याच्यावरचे सॅक २०२३ च्या निम्म्याहून कमी झाले. जे मार्च २०२३ मध्ये आधी करायचं होतं, ते मार्च २०२४ मध्ये केल्यावर हे दिसलं. आणि मधलं वर्ष हे नवख्याच्या स्वस्त कराराच्या चार वर्षांपैकी एक होतं. चार वर्षांचे मिळून सुमारे ३.८ कोटी डॉलर म्हणजे क्वार्टरबॅकच्या बाजारात किरकोळ रक्कम. त्या काळात वाचलेल्या पैशातूनच लाइन उभी करायची असते.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये बफेलोला १४१ वी निवड देऊन आणि बदल्यात २०० वी घेऊन पँथर्स तेहेतिसावरून बत्तिसावर सरकले आणि झेव्हियर लेगेट हा रिसीव्हर घेतला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा पर्याय संघाला मिळतो, त्यासाठी ही एका पायरीची किंमत. हा विचार मला पटतो. पण तो खेळाडूही मूरच्याच रिकाम्या जागेसाठी होता, मिंगोनंतरचा दुसरा. मिंगोला नोव्हेंबरमध्ये चौथ्या फेरीच्या निवडीवर डॅलसला देऊन टाकलं. आणि २०२३ च्या सौद्याचा शेवटचा हप्ता, ती एकोणचाळिसावी निवड, शिकागोनं एप्रिल २०२५ मध्ये वसूल केली. ल्युथर बर्डन. तोही रिसीव्हर.