एकटेपणा कोणत्या रकान्यात लिहायचा? संस्था नोंदणीचा माझा अनुभव

प्रमाणपत्र हातात येऊन चार महिने झाले, तरी धर्मादाय कार्यालयातल्या त्या टेबलावर ऐकलेलं वाक्य डोक्यातून जात नाही. "काकाजी, एकटेपणा घालवणं हा काही धर्मादाय उद्देश होत नाही." या एका वाक्यापायी आमचे सहा महिने गेले. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, म्हणून लिहितो आहे.

निवृत्त पुरुषांनी एकत्र जमून हस्तकाम करायचं, ही कल्पना माझी नाही. पत्नी गेल्यावर मुलीने मला तीन महिने मेलबर्नला नेलं. तिच्या घराजवळ एक 'मेन्स शेड' होती. साठी-सत्तरीचे पुरुष सकाळी जमायचे, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचे, मुलांची लाकडी खेळणी बनवायचे, मध्ये चहा. या नावाची पहिली शेड त्याच व्हिक्टोरिया राज्यात, टोंगाला गावी १९९८ साली सुरू झाली. २००७ मध्ये देशभराची संघटना झाली आणि आता ऑस्ट्रेलियात अशा हजाराहून जास्त शेड आहेत. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटायला दोन आठवडे लागले. तिथे कोणी माझी विचारपूस केली नाही, एकाने फक्त हातात पॉलिश पेपर दिला. दुसऱ्या आठवड्यात स्टूल घासता घासता मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत हिच्या आजारपणाबद्दल सांगत होतो. नागपुरात सख्ख्या भावाशीही ते बोललो नव्हतो.

परत आल्यावर माणसं जमवली. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतले एक टर्नर, कोराडीच्या वीज केंद्रातले दोघे, अजनीच्या लोको शेडमधले एक, बँकेतले एक, हस्तकलेचे एक शिक्षक आणि पाटबंधारे खात्यात आरेखक होतो तो मी. आमच्या ले-आऊटच्या समाजभवनामागे एक खोली बंद पडून होती. समिती म्हणाली, नोंदणीकृत संस्था असेल तर देऊ. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. आम्ही बरोबर सात होतो. आमच्या राज्यात त्याच जोडीने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. नाव, सभेचा ठराव, नियमावली, जागेचं ना हरकत पत्र, वीजबिल हे सगळं पंधरा दिवसांत झालं.

आणि मग त्रुटी निघाली.

उद्देशाच्या रकान्यात मी सरळ लिहिलं होतं: 'निवृत्त व एकट्या पुरुषांचा एकटेपणा सामूहिक हस्तकामातून कमी करणे.' बाबूंनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि वरचं वाक्य ऐकवलं. शिक्षण लिहा, आरोग्य लिहा, गरिबांना मदत लिहा. बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी अर्ज भरून देणारे एक गृहस्थ बसतात, त्यांनी आणखी सोपा उपाय सांगितला: "व्यवसाय प्रशिक्षण लिहून टाका ना, सगळेच लिहितात." मी नाही म्हटलं. आम्ही कोणाला प्रशिक्षण देणार नव्हतो, आणि संस्थेचा पहिला कागदच खोटा करायचा नव्हता.

दुसऱ्या फेरीला साहेब रजेवर. तिसऱ्या फेरीला फाइल वर गेलेली. चौथ्या फेरीला नवा प्रश्न: फक्त पुरुषच का? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिल्याच दिवशी विचारता आला असता. मी सांगितलं, आमच्या ले-आऊटमधल्या बायकांची भिशी आहे, भजनी मंडळ आहे, बचत गट आहे. नवरा गेला तरी त्या एकमेकींकडे जातात. पुरुषाची बायको गेली की त्याच्याकडे कोण येतं? निवृत्तीनंतर ऑफिसातले मित्र वर्षभर फोन करतात, पुढे दिवाळीचा मेसेज उरतो. यावर उत्तर आलं, "लिहून द्या."

पाचव्या फेरीला सहीची त्रुटी. कोराडीच्या दोघांपैकी मोठ्या काकांचा हात कापतो. त्यांची सही पॅन कार्डाशी जुळेना. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मानेवाड्याहून ऑटोने येऊन त्या व्हरांड्यात उभा. तीन वेळा त्यांच्याकडून सही करून घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, मला वगळा. माझ्यापायी तुमचं अडून राहिलं." पुढचे आठ दिवस त्यांनी फोन उचलला नाही. एकटेपणाविरुद्ध संस्था काढायला निघालो होतो, आणि ज्या माणसासाठी ती सर्वांत गरजेची होती तोच पुन्हा दार लावून घरात बसला. त्या व्हरांड्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. शेवटी आमच्या बँकवाल्यांनी मार्ग सांगितला. काकांच्या पेन्शन खात्याच्या शाखेने सही पडताळणीचं पत्र दिलं, वीस मिनिटांत. तुमच्यात कोणी सत्तरीपुढचं असेल तर हे पत्र अर्जासोबतच जोडा.

उद्देशाची गाठ सुटली ती मी कायदा विकत आणून स्वतः वाचला तेव्हा. विश्वस्त कायद्याचं कलम ९ धर्मादाय प्रयोजन म्हणजे काय ते सांगतं. त्यात गरिबी किंवा दुःख यांचं निवारण आहे, शिक्षण आहे, वैद्यकीय मदत आहे, आणि त्यातच समाजकल्याण व लोकहितासाठी करमणुकीच्या किंवा फावल्या वेळातल्या उद्योगाच्या सोयी पुरवणं हेही आहे. म्हणजे आमची खोली कायद्यात आधीपासूनच होती. रात्री साडेअकरा वाजता मी ती ओळ वाचली आणि तेव्हाच लोको शेडवाल्यांना फोन केला. तेही जागेच होते.

दोन पानांचं उत्तर लिहिलं. पहिल्या पानावर कलम ९. दुसऱ्या पानावर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २०२५ चा अहवाल: जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. दुःखाचं निवारण कायद्याला मान्य असेल तर हे दुःख का नाही, एवढंच विचारलं. आवक शिक्का घेतला. सोबत दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात फाइल कुठे आहे ते विचारलं, कारण तिथे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बाविसाव्या दिवशी बोलावणं आलं. साहेबांनी पत्र वाचलं, कलम पाहिलं आणि फावल्या वेळाचा उद्देश पहिला लिहायला सांगितला. एकटेपणाचं वाक्य मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला लावलं. ते आज प्रमाणपत्रासोबतच्या कागदात आहे, याचा मला अभिमान आहे.

पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आता सांगतो: त्रुटी तोंडी ऐकून परत फिरू नका, सगळ्या एकदम लेखी मागा. पाच फेऱ्यांत एकेक त्रुटी ऐकत बसलो ही माझी चूक. आणि सात नाही, नऊ-दहा सभासद घ्या. एकाने नाव मागे घेतलं तरी अर्ज पडत नाही. खोलीचं वीज मीटरही आधी बघा, आमच्याकडे ग्राइंडर लावला की अख्ख्या भवनाचे दिवे जायचे.

नोंदणीची वाट न पाहता काम सुरू करा. आम्ही मार्चमध्येच टर्नर काकांच्या अंगणात ले-आऊटमधले कुलर काढून बसलो होतो. गंज घासायचा, रंग मारायचा, ताट्या बदलायच्या, पंप बघायचा. पहिल्या उन्हाळ्यात एकोणीस कुलर झाले. कापऱ्या हाताचे काका पंपाची वायरिंग तपासतात, स्क्रू दुसरा कोणी पिळतो.

एक राहिलं. विश्वस्तांमध्ये बदल झाला तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आम्हाला तो लगेच द्यावा लागला, कारण हस्तकलेच्या सरांना मुलाने पुण्याला नेलं. जाताना पटाशांचा संच खोलीतच ठेवून गेले. दर रविवारी साडेनऊला चहाच्या वेळी त्यांचा फोन येतो. आम्ही तो स्पीकरवर लावून बेंचवर ठेवतो, आणि अंगणवाडीच्या टेबलाचे पाय कुठवर आले ते सर विचारतात.