लेथवरचे पहिले काम: पितळेचे किचेन

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापायचे यंत्र, शिकू पाहणाऱ्याने पहिले काम कोणते घ्यावे, असे मला अधूनमधून विचारले जाते, आणि माझे उत्तर ठरलेले आहे: पितळेचे एक छोटे किचेन करा. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये, म्हणजे लेथकामाच्या अभ्यासक्रमात, सुरुवातीला फेसिंग (टोक सपाट करणे), प्लेन टर्निंग (व्यास कमी करणे), स्टेप टर्निंग (पायरीसारखे वेगवेगळे व्यास करणे), नर्लिंग (पकडीसाठी दातेरी नक्षी दाबणे) असा सुटा सुटा सराव करून घेतात. तो आवश्यकच आहे, पण त्यातून तयार झालेले जॉब, म्हणजे लेथवर घडवलेले तुकडे, शेवटी पेटीत पडून राहतात किंवा भंगारात जातात. किचेनमध्ये हेच सगळे प्रकार बोटभर तुकड्यात येतात आणि वस्तू रोज हाताळली जाते. त्यामुळे कडा कुठे बोचते, नर्लिंग कुठे कच्चे राहिले, हे वापरणाऱ्याला आपोआप कळत जाते. मात्र मी हे काम सुचवतो त्याचे मुख्य कारण निराळे आहे. या कामात कापण्यापेक्षा धरण्याचा विचार अधिक करावा लागतो, आणि माझ्या मते टर्नरचे निम्मे कसब तिथेच असते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्या मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून मी हे काम शिकलो, त्यांना सगळेजण मामा म्हणत. कागदावर काढलेले चित्र त्यांच्यापुढे ठेवले की मापे बघण्याआधी ते विचारायचे, “हे धरणार कशात? आधी ते सांग, मग कापायचं बघू.” गोल सळईतून गोल वस्तू काढायची आहे, त्यात धरण्याचा एवढा काय प्रश्न, असे नवख्याला वाटते. परंतु एक टोक तयार झाले की दुसरे टोक कसे करायचे, नर्लिंग केलेल्या भागावर चकचे, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाचे, जबडे आवळले तर त्याचे काय होईल, आणि कडीसाठी आडवे भोक पाडताना गोल तुकडा फिरणार नाही याची व्यवस्था काय, हे सगळे प्रश्न लेथ सुरू करण्याआधीच सोडवायचे असतात.

आपल्या किचेनची मापे अशी धरू. एकूण लांबी ४२ मिमी, अंगाचा व्यास ११.८ मिमी. कडीच्या टोकाला ८ मिमी व्यासाची, १० मिमी लांबीची मान. त्यानंतर ६ मिमी साधा पट्टा, १६ मिमी नर्लिंग आणि शेवटी पुन्हा १० मिमी साधा भाग. व्यास १२ ऐवजी ११.८ का घेतला, ते नर्लिंगपाशी सांगतो. पितळेत या मापाचे वजन सुमारे ३४ ग्रॅम भरते. हेच अॅल्युमिनियममध्ये केले तर जेमतेम ११ ग्रॅम. किचेन हातात घेतल्यावर थोडे जड लागलेलेच बरे वाटते, म्हणून माझा कल पितळेकडे आहे. बरेच लोक याहून जाडजूड किचेन करतात, ते टेबलावर छान दिसते आणि पँटच्या खिशात नकोसे होते.

पितळेची निवड नवख्यासाठी दुसऱ्या कारणानेही योग्य आहे. आयएस ३१९ या मानकाचे, म्हणजे लेथकामासाठी मुद्दाम शिसे मिसळलेले पितळ अतिशय सुखाने कापले जाते. त्याचा कीस लांब गुंडाळ्यांचा न निघता बारीक सुयांसारखा तुटून पडतो, कुलंट, म्हणजे कापताना सोडायचे थंडावा देणारे द्रव, लागत नाही, आणि थोड्या चुकलेल्या वेगानेही पृष्ठभाग चांगला येतो. धातूच्या दुकानात १४ मिमीची सळई वजनावर मिळते. वितभर तुकडा पुरे. तो चकच्या आरपार जाऊन हेडस्टॉकच्या, म्हणजे चक बसवलेल्या खोक्याच्या, मागून लोंबणार नाही एवढाच लांब ठेवावा, कारण मागे बाहेर आलेली बारीक सळई वेगात फिरू लागली की वाकते आणि कुणालाही फटका देऊ शकते.

सुरक्षेच्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो, पण त्या थोडक्यात पाळू नयेत. लेथवर हातमोजे कधीच घालायचे नाहीत. लांब बाह्या, गळ्यातली साखळी, हातातला दोरा, ओढणी, मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या कामाजवळ नको. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण पितळेचा कीस उडतो आणि तो गरम असतो. चकची चावी हातातून सुटेल ती थेट तिच्या जागेवर ठेवायची. ती चकमध्ये राहिली आणि मोटर सुरू झाली तर ती गोळीसारखी सुटते. कीस ब्रशने काढावा, बोटाने नव्हे.

आता टूल. पितळेसाठी एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलच्या वरच्या पृष्ठभागाला उतार जवळजवळ शून्य ठेवतात. पोलादासाठी घासलेले, वर चांगला उतार दिलेले टूल पितळेत लावले तर ते कापायच्या ऐवजी आत ओढले जाते आणि जॉबवर खड्डा पडतो. टूलचे टोक जॉबच्या केंद्राच्या बरोबर उंचीवर आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे: लेथ बंद असताना सहा इंची स्टीलची पट्टी टूलचे टोक आणि सळई यांच्यामध्ये उभी धरून अगदी हलकेच दाबायची. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर टूल वर आहे. खाली पातळ पत्र्याचे पॅकिंग घालून ते जुळवावे. फेसिंग करताना मध्यभागी बारीक टोक शिल्लक राहत असेल तर उंची अजून जुळलेली नाही, असे समजावे.

वेगाचे गणित सोपे आहे. कापण्याचा वेग मिनिटाला मीटरमध्ये घेऊन त्याला १००० ने गुणायचे आणि ३.१४ गुणिले व्यास यांनी भागायचे. पितळेसाठी ६० मीटर धरले तर १४ मिमी सळईला मिनिटाला सुमारे १३६५ फेरे येतात. माइल्ड स्टीलला २५ मीटर धरले तर सुमारे ५७०. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या किंवा बटाला-राजकोटकडच्या जुन्या लेथ अजूनही अनेक वर्कशॉपमध्ये चालतात, आणि त्यांतल्या पट्ट्यावर चालणाऱ्या लेथला एवढा वेग गाठता येत नाही. त्याने पितळेचे काही बिघडत नाही. आहे त्यातला वरचा वेग लावावा आणि फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याची गती, मंद ठेवावा.

सळई थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकमध्ये धरताना जबड्यांबाहेर सुमारे ६० मिमी ठेवावी लागते. आधाराशिवाय व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये, हा सर्वसाधारण नियम आहे; म्हणजे १४ मिमी सळईला ४२ मिमी. आपण त्यापलीकडे जात आहोत आणि पुढे नर्लिंगचा मोठा दाब येणार आहे, म्हणून टेलस्टॉकचा, म्हणजे चकच्या समोरून जॉबचे मोकळे टोक पेलणाऱ्या भागाचा, आधार हवाच. टेलस्टॉकचे अणकुचीदार सेंटर बसण्यासाठी टोक फेस करून सेंटर ड्रिलने छोटे भोक पाडावे लागते, आणि ते भोक तयार वस्तूत दिसणार. ते नको असेल तर मानेच्या टोकाला ४ मिमी जादा माल ठेवायचा, भोक त्या जादा भागातच अडीच-तीन मिमी खोल पाडायचे, आणि आधाराची गरज संपली की तो भाग फेसिंग करून काढून टाकायचा. जो भाग शेवटी उरणारच नाही तो केवळ धरण्यासाठी ठेवणे, ही कल्पना एकदा डोक्यात बसली की पुढची कितीतरी कामे सोपी होतात.

टर्निंग करताना क्रॉस स्लाइडची, म्हणजे टूल जॉबकडे आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाची, डायल काय मोजते, ते आधी पाहावे. काही लेथवर अर्धा मिमी आत गेल्यावर डायलही अर्धाच मिमी दाखवते, पण व्यास एक मिमीने कमी होतो. काहींवर डायल थेट व्यासातला फरक दाखवते. हलका कट घेऊन व्हर्नियर कॅलिपरने मापावे आणि मगच पुढचा आकडा ठरवावा. स्क्रूमधला ढिलेपणा मोजमापात येऊ नये म्हणून टूल नेहमी एकाच दिशेने, म्हणजे मागून पुढे आणूनच आकड्यावर लावायचे. आकडा ओलांडला तर एक वेढा मागे जाऊन पुन्हा यायचे.

नर्लिंगमध्ये धातू कापला जात नाही, दाबला जातो, आणि ते मान उतरवण्याआधी करायचे, कारण तेव्हा जॉब सर्वांत जाड आणि कणखर असतो. मी इथे सरळ रेषांचे नर्लिंग धरतो, एक मिमी अंतराच्या दात्यांचे. १२ मिमी व्यासाचा परीघ ३७.७ मिमी येतो, म्हणजे ३७ दाते बसून थोडी जागा उरते. मग दुसऱ्या फेऱ्यात दाते आधीच्या खुणांमध्ये न पडता मधेच पडतात आणि दुहेरी, भुकटी झालेले नक्षीकाम होते. ११.८ मिमीचा परीघ ३७.०७ मिमी, त्यात ३७ दाते जवळजवळ नेमके बसतात. वेग टर्निंगच्या चौथाई किंवा त्याहून कमी ठेवावा, तेलाचे दोन थेंब सोडावेत, आणि नर्लिंग टूलच्या दातेरी चाकाची निम्मी रुंदीच जॉबवर ठेवून पहिला दाब ठामपणे द्यावा. हळूहळू, भीत भीत दाबणे हेच इथे घातक ठरते. दोन-तीन फेऱ्यांनंतर लेथ थांबवून खुणा भिंगातून पाहाव्यात. त्या एकेरी असतील तरच फीड लावावा. नर्लिंगनंतर व्यास थोडा फुगतो, ते अपेक्षितच आहे. नर्लिंगच्या दोन्ही कडांना अर्धा मिमी खोल खाच घेतली की सुरुवातीचा ओबडधोबडपणा झाकला जातो आणि काम एकदम नीटस दिसते.

त्यानंतर मान ८ मिमीपर्यंत उतरवावी, जादा ४ मिमी धरून १४ मिमी लांबीवर. मान आणि अंग यांच्या कोपऱ्यात टूलच्या टोकाची थोडी गोलाई राहू द्यावी. टेलस्टॉक मागे घेऊन हलक्या कटांनी सेंटरच्या भोकाचा जादा भाग फेस करून टाकावा आणि मानेच्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरका काप, द्यावा.

आता खरी कसोटी: खालचे टोक. नवखा माणूस इथे पार्टिंग करून तुकडा वेगळा करतो, मग तो उलटा धरायला जातो आणि नर्लिंगवर जबड्यांचे ठसे उमटवतो. पातळ पत्रा गुंडाळून धरता येते, पण थ्री-जॉ चकमध्ये काढून पुन्हा धरलेला जॉब थोडाफार हलून फिरतोच. मामांची रीत अशी होती की पार्टिंग टूलने निम्म्यापर्यंतच खाच घ्यायची, तिथे थांबून ४५ अंशांच्या टूलने किचेनच्या बाजूच्या कडेला चॅम्फर मारायचा, आणि मगच पार्टिंग पूर्ण करायचे. त्यामुळे उलटे धरण्याची वेळच येत नाही आणि सगळे व्यास एकाच धरणीत झाल्यामुळे एकमेकांशी अचूक जुळतात. पार्टिंग टूल कमीत कमी बाहेर काढलेले, जॉबला काटकोनात आणि केंद्राच्या उंचीवर असावे, वेग निम्म्याहून कमी असावा आणि फीड न अडखळता द्यावा. पार्टिंग करताना टेलस्टॉकचा आधार कधीही ठेवू नये. तुकडा सुटताना दोन्हीकडून दाबला जातो, खाच मिटते आणि टूल अडकून तुटते. शेवटी मधे जे बारीक टोक उरते ते कानशीने घासून काढावे. छोट्या हौशी लेथवर इथे थरथर होते. अशा वेळी पार्टिंग अर्ध्यावर सोडून, लेथ बंद करून उरलेले हॅक्सॉने कापणे यात काही कमीपणा नाही.

कडीचे भोक मानेत आडवे, टोकापासून ५ मिमीवर, ४ मिमी व्यासाचे. गोल पृष्ठभागावर ड्रिल घसरते, म्हणून तिथे कानशीने लहानसा सपाट भाग करून पंच मारावा आणि तुकडा व्ही-ब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात, पक्का क्लॅम्प करून ड्रिल मशीनवर भोक पाडावे. नुसत्या हातात किंवा पक्कडीत धरून हे अजिबात करू नये, कारण पितळेत ड्रिल पलीकडून बाहेर पडतानाच अडकते आणि तुकडा हिसकावून घेते. ड्रिलच्या धारेची पुढची बाजू ऑइलस्टोनने किंचित सपाट केली की हा त्रास बराच कमी होतो. भोकाच्या दोन्ही तोंडांना मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून बर, म्हणजे कडेला उठलेली धारदार कोर, काढावी.

साध्या पट्ट्यांना ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर लावावा, मात्र फिरत्या जॉबवर तो बोटाला गुंडाळू नये. हे काम पार्टिंगपूर्वीच उरकले तर उत्तम. शेवटची चमक ब्रासोने येते, आणि घरात पितांबरी असेल तर तिनेही चालते; खिशात काही आठवड्यांत पितळ काळवंडणारच, ते मला तरी आवडते. कडी घालून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण या पितळेत शिसे असते. लेथखालचा कीस लोखंडाच्या किसात मिसळू न देता वेगळ्या डब्यात भरावा. मिसळलेल्या मालाला भंगारवाला पितळेचा भाव देत नाही.